खिडकीतली बाटली

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक म्हातारे फोटोग्राफर गाल धरून बसले होते. प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची मुलगी धापा टाकत आत आली.

"बाबा, जाग्या झाल्या! माझ्या टी पेशी जाग्या झाल्या!"

"त्या सहा महिने ढिम्म बसलेल्या?"

"त्याच. एरवी जंतू जे जीवनसत्त्व बनवतात त्याचा माग लागला की काही तासांत लढायला उठणाऱ्या."

"मग इतके दिवस काय धाड भरली होती?"

"आम्हीच त्यांना गप्प बसवलं होतं. पेशी वाढवायच्या द्रवात फॉलिक अ‍ॅसिड असतं. ते उन्हानं फुटतं. जंतूची खूण जिथे दिसायची, नेमकी तीच जागा त्याचा तुकडा अडवून बसतो. खूणच दिसली नाही तर उठतील कशा?"

"म्हणजे त्या द्रवाची बाटली खिडकीतच होती."

"खिडकीतच! आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम तर म्हणाल्या होत्या, विषय सोडून दे."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेव."

"तेव्हा कोण हसलं होतं?"

"मी. 'हा काय तुमचा फिल्मचा रोल आहे का,' म्हणाले होते. शेवटी परवा तसंच केलं, आणि त्या उठल्या!"

"आता मॅडम काय म्हणतात?"

"सगळ्या खिडक्यांना काळे पडदे हवेत म्हणतात. तुमच्या डार्करूमचे आहेत ना अजून?"

"आहेत तर! तुझी आई भंगारात काढत होती, मी हात लावू दिला नाही."

"आजोबा, तुमचा नंबर आला. आत या."

"थांबा हो सिस्टर, दात कुठे पळून जात नाही. ए, मॅडमना आत्ताच फोन लाव. म्हणावं, पडदे लावायला बाबा स्वतः येतायत!"