बिनडागाचं पातळ

(डोंबिवली, १९५४. चाळीतली दोन खोल्यांची जागा, संध्याकाळ. माई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताहेत. त्यांची सून, गुरुदत्तची विधवा, उत्तरा बालकमंदिरातून नुकतीच आली आहे.)

माई : उजेडात धरून बघितलं मी. काठालासुद्धा काही नाही.

उत्तरा : कशाच्या?

माई : या पातळाच्या. कालचंही असंच, परवाचंही असंच. धुवायचं म्हणून पाण्यातून काढते झालं. साबण लावावा असं त्यात काही नसतंच.

उत्तरा : जपून वापरते मी, माई.

माई : जपून? अगं, एकटा गुरुदत्त होता लहानपणी, तर माझं एक लुगडं धड राहिलं नाही. खांद्यावर ओकायचा, मांडीवर भात सांडायचा, चिखलाचे पाय घेऊन कमरेवर चढायचा. आणि तू सगळी दुपार पोरांच्या घोळक्यात बसतेस नि पांढरं पातळ पांढरंच घेऊन येतेस.

उत्तरा : अगदी तान्ही नाहीत ती. तीन-चार वर्षांची आहेत.

माई : तीन वर्षांचा असताना तो गेरूच्या डब्यात बसला होता. मला नको सांगूस. उत्तरा, एकच विचारते. तू बालकमंदिरातच जातेस ना?

उत्तरा : असं काय विचारता?

माई : विचारू नको तर काय करू? ठाण्याचे भावोजी नको म्हणत होते. विधवा सुनेला घराबाहेर कशाला काढता, म्हणाले. मी भांडले त्यांच्याशी. मुलगी शिकलेली आहे, चार भिंतींत कुढत बसण्यापेक्षा पोरांत रमेल, असं मी म्हटलं. उद्या ते इथे येऊन उभे राहिले, तर मी कोणत्या तोंडाने बोलू?

उत्तरा : तिथेच जाते मी. फक्त हे नेसून बसत नाही.

माई : म्हणजे?

उत्तरा : हेमाताईंकडे बदलते. शाळा चालवतात ना त्या, त्यांचं घर शाळेला लागूनच आहे. गेल्यावर बदलते आणि निघताना परत हे नेसते.

माई : आणि तिथे काय नेसतेस?

उत्तरा : त्यांचंच एक आहे. गुलाबी. बारीक फुलांचं.

माई : कधीपासून चाललंय हे?

उत्तरा : दुसऱ्या आठवड्यापासून.

माई : ते मळलं की धुतं कोण?

उत्तरा : त्यांच्याकडच्या बाई.

माई : छान. माझ्या सुनेचं मळकं धुणं लोकांच्या मोरीत, आणि स्वच्छ असेल तेवढं मी धुवायचं.

उत्तरा : रागावू नका ना. मी काही हौसेने केलं नाही. पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं आणि सगळी मुलं भिंतीला जाऊन चिकटली. बाह्या खाली ओढून दंड झाकून घेतले. मला कळेचना. मग पोपट म्हणून एक मुलगा आहे, मानपाड्याहून येतो, तो म्हणाला, मला मागच्याच महिन्यात टोचलंय, पुन्हा नको.

माई : टोचलंय?

उत्तरा : देवी टोचायला आलेल्या बाई पांढऱ्या पातळात होत्या. मुलांना वाटलं, त्याच परत आल्या.

माई : ...हसू नकोस. मला हसू येतंय तुझ्यामुळे.

उत्तरा : मी आठवडाभर हसले नव्हते, माई. गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, तरी एक मूल मांडीवर येईना. हेमाताई बोलल्या नाहीत काही, पण महिना संपला की बघू, असं पहिल्यापासून ठरलेलं. मला वाटलं, गेली ही नोकरी. मग त्यांनीच ते गुलाबी काढून दिलं. त्या दिवशी पोपट जवळ येऊन नुसता बसला. दुसऱ्या दिवशी निऱ्यांना हात पुसले.

माई : मला का नाही सांगितलंस?

उत्तरा : कसं सांगणार? ही पांढरी तुम्हीच आणलीत मला.

माई : मी आणली, कारण तेरावा झाल्यावर तू ट्रंकेला कुलूप घातलंस. एकही रंगीत पातळ बाहेर ठेवलं नाहीस. मला वाटलं, पोरीला रंग नकोसे झाले. मग मी बाजारात जाऊन ही घेऊन आले. दुकानदारासमोर रडले मी, माहीत आहे तुला?

उत्तरा : नाही.

माई : मग कुलूप कशाला घातलंस?

उत्तरा : कुलूप तुमच्यासाठी घातलं होतं. ती सगळी पातळं ह्यांनी आणलेली. येता-जाता तुमच्या डोळ्यांपुढे कशाला, असं वाटलं मला. तुम्ही पांढरी आणलीत तेव्हा म्हटलं, तुमच्या मनात हेच असणार. म्हणून नेसले.

माई : दोघीही शहाण्या आपण.

उत्तरा : आता कळलंय ना तुम्हाला. मग उद्यापासून घरातूनच रंगीत नेसून जाऊ का?

माई : थांब. लगेच हो म्हणायला लावू नकोस मला.

उत्तरा : लोकांचं म्हणत असाल तर...

माई : लोकांचं मी बघून घेईन. भावोजींचंही बघेन. माझंच मला ठाऊक नाही. तू रंगीत नेसून जिना चढायचीस ना, तेव्हा तो तुझ्या मागून यायचा, पिशवी घेऊन. तू पुढे, तो मागे. तू तशी दारात दिसलीस, तर मी तुझ्या खांद्यावरून मागे बघेन. बघणारच. मग?

उत्तरा : मग नको, माई. मी आपली हेमाताईंकडेच बदलत जाईन. पाच मिनिटांचं तर काम.

माई : दुसऱ्याच्या घरी आडोशाला उभी राहून कपडे बदलायचे? तू काय चोरी केली आहेस?

उत्तरा : मग काय करू ते तुम्ही सांगा.

माई : गुलाबी आहे म्हणालीस ना ते? पोरांत गुलाबी कोण नेसतं? त्यावर सगळं दिसत असेल.

उत्तरा : दिसतं तर. काल जांभळं खाऊन आली होती सगळी.

माई : आणि पदराला पिन लावतेस? खरं सांग.

उत्तरा : पहिल्यांदा लावत होते. छोटी शालू कुशीत शिरली आणि तिच्या गालाला टोचली. तेव्हापासून पदर कमरेला खोचते. आणि चार बोटं उंच नेसते. नाहीतर मुलं निऱ्यांवर पाय देतात, मीच पडते.

माई : माझ्यासारखं नऊवारी नेस. कासोटा असला की पळता येतं, बसता येतं, कुणी निऱ्या ओढत नाही.

उत्तरा : मला नाही सवय. सुटलं तर पोरांसमोर फजिती व्हायची.

माई : बरं, राहिलं. ट्रंकेतलं काढतेस एखादं?

उत्तरा : नको. त्यांच्यावर चिखल नाही पडू द्यायचा मला. अजून नाही.

माई : मलाही तेच वाटत होतं. मग हेच घे.

उत्तरा : हे? पांढरं?

माई : सूत चांगलं आहे याचं, दाट आहे. रंगाची पुडी आणू. पाण्यात मीठ घालून उकळलं की घट्ट बसतो रंग. नाहीतर कल्याणला रंगारी आहेच. दोन्ही पांढरी देऊ त्याच्याकडे.

उत्तरा : मातकट रंगवू या. डाग पडले तरी कळायचे नाहीत.

माई : मातकट नको.

उत्तरा : का? सोयीचं आहे.

माई : तुला शोभत नाही ते. आजारी दिसतेस. वांगी रंग खुलतो तुझ्या अंगावर. जांभळाचा डाग पडो नाहीतर गेरूचा, त्यावर काही दिसायचं नाही. वर पोलकं पिवळं घाल. पोरांना लांबूनही कळलं पाहिजे, बाई आल्या म्हणून.

उत्तरा : शोभून काय करायचंय मला आता?

माई : तीस पोरं सगळी दुपार तुझ्याकडे बघत बसतात. त्यांनी काय बघायचं? पोलक्याची बाही सैल शिवते मी, हात वर करून गाणी म्हणता आली पाहिजेत. बाजूला एक खिसा लावते, नाकं पुसायच्या फडक्याला. ते कमरेला खोचत असशील, तर आधी बंद कर.

उत्तरा : माई, आणि ते जिन्यातलं?

माई : काय त्याचं?

उत्तरा : तुम्ही मागे बघाल म्हणालात.

माई : बघीन. तेवढ्यापुरतं वाटेल, आला म्हणून. वाटू दे. नाहीतरी दुसरं कोण मला त्याची अशी रोज आठवण करून देणार आहे?

उत्तरा : रडू नका ना.

माई : रडत नाही. ते हेमाताईंचं गुलाबी उद्या घरी घेऊन ये. स्वच्छ धुऊन, इस्त्री करून परत देऊ, त्यांचे उपकार मानू. आणि उत्तरा...

उत्तरा : काय?

माई : उद्यापासून मळव हवं तेवढं, पण घरी आण. तुझं धुणं माझं आहे.