मोहाच्या ढोलीतल्या मादीबाबत

जबाब, दिनांक ५/१०/१९८५

माझं नाव कु. रुख्मिणी नत्थूजी वैरागडे, वय १६ वर्षं, धंदा बकऱ्या चारनं, शिक्षण सातवी नापास, राहनार गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा.

ठान्यात बोलावल्यावरून समक्ष हजर होऊन लिहून देते का, मले चार मानसात बोलता येत नाई. सकाळी जमादार साहेबानं दोनदा विचारलं, माझ्या तोंडून शब्द निंगाला नाई. तवा ते म्हनाले, "लिवता येते का वं?" मी मान हलवली. त्यायनं कागद देला. म्हनून हा जबाब माझ्या हातचा आहे.

आमच्या गावचे वासुदेवराव कॉलेजायले बेडकं, विंचू, साप पुरवतेत. त्यायची तक्रार आहे का माझ्या मकडीनं त्यायची मकडी खाल्ली आनि मी त्यायच्या घरून बरनी चोरली. खाल्ली, हे खरं आहे. बरनी मी आनली, हेही खरं आहे. चोरली नाई.

ही मकडी घरातल्या जाळ्यातली नाई. झाडाच्या ढोलीत राहनारी, हाताच्या पंजाएवढी, केसाळ, राखी रंगाची, पुढच्या पायाखालून पिवळी. कॉलेजचे सर तिले टॅरांटुला म्हनतेत असं वासुदेवरावच सांगत. १९८१ च्या उन्हाळ्यात बाबानं टेकडीखालचा वाळलेला मोह तोडला, त्याच्या ढोलीतून ही निंगाली. तवा चवन्नीएवढी होती. डाव्या अंगाचा तिसरा पाय कुऱ्हाडीत गेलता. मागून मी त्या टेकडीवरचं एक झाड सोडलं नाई, पन तशी दुसरी मले दिसली नाई. मी तिले लोनच्याच्या बरनीत ठेवली, आत सालीचा तुकडा उभा केला, झाकनाले भोकं पाडली. नाकतोडे आनि झुरळं मीच धरून देते.

ती माझी कशावरून, असं साहेबानं विचारलं. तिनं आतापावतर सात वेळा कात टाकली. सातही काती मी वहीत डकवल्या, खाली तारीख लिहिली. पहिल्या कातीत तो पाय नाई. दुसऱ्या कातीत काडीवानी आलेला आहे. पाचवीत बाकीच्या पायाएवढा झाला. वासुदेवरावजवळ तिची एक तरी कात असन तं त्यायनं दाखवावी.

औंदा जून महिन्यात वासुदेवरावले नर भेटला. ते आमच्या घरी आले आनि म्हनाले, "पोरी, तुह्याजवळ मादी हाये म्हनते. बकरी अर्धेलीनं देतो ना आपन, तसंच करू. नर माहा, मादी तुही, पिल्लं अर्धी अर्धी." माझी माय जिजाबाई हजर होती. मी हो म्हटलं.

दि. १४/७/८५ रोजी दुपारी बारा वाजता आमच्या छपरीत नर बरनीत सोडला. त्यानं पायानं ठकठक केलं. तिनंही आतून केलं. अर्ध्या घंट्यात काम झालं. मी म्हटलं, "काकाजी, आता नर काढा." ते म्हनाले, "काऊन? बोकड लगेच काढते का कोनी? राहू दे दिवसभर, पक्कं होऊ दे." मी पुन्हा म्हटलं. ते तमाखू मळून राह्यले होते. चार वाजता पाह्यलं तं बरनीत नराचे पाय होते फक्त. ते म्हनाले, "दिसते तुह्यासारखी गरीब, आन् निंगाली नवराखाऊ!" नर काढा असं मी दोनदा सांगितलं होतं. हळू सांगितलं, हे कबूल करते. सांगितलंच नाई असं नाई.

दि. २०/९/८५ रोजी तिनं थैली केली. पांढरी, लिंबाएवढी. ती थैली ती पायात धरून बसते, खात नाई, पीत नाई. मागच्या साली तिनं नराशिवायच थैली केली होती. मले ठाऊक नव्हतं, मी रोज झाकन उघडून पाहे. अकराव्या दिवशी तिनं थैली खाऊन टाकली. औंदा मी झाकनाले हात लावला नाई. बरनी अंधारात ठेवली, पोतं टाकून.

दि. २/१०/८५ रोजी मी बकऱ्या घेऊन गेलती. वासुदेवराव घरी आले, कॉलेजच्या सरायले दाखवाची आहे म्हनून मायजवळून बरनी घेऊन गेले. माय म्हने, "मोठा मानूस मांगते, नाई कसं म्हनू?" मायचा यात दोष नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी त्यायच्या घरी गेली. वासुदेवराव घरी नव्हते. फळीवर साप, विंचू, बेडकं स्पिरिटात होते. माझी बरनी फळीखाली जमिनीवर होती, मकडी आत थैली धरून. बाजूले एक रिकामी रुंद बाटली आनि स्पिरिटाचा डबा. बाटलीवर चिठ्ठी आधीच डकवली होती: "मादी, अंड्यांच्या थैलीसह." मी ते वाचलं आनि बरनी उचलली. सडकेनं आनली, लपवून नाई. बरनीवर लुगड्याचा ओला फडका होता. फडका वासुदेवरावच्या घरच्या बाईचा का, असं शिपायानं विचारलं आनि ते वासुदेवरावकडे पाहून हसले. मी तिथं एकटीच होती. फडका कोनाचा ते मी सांगत नाई.

आता जमादार साहेब म्हनतेत, "बरनी मुद्देमाल हाये, उद्या हजर कर." मी हजर करनार नाई. दोनदा हलली तरी थैली वाचली, आता बरनी हलली तं ती थैली खाऊन टाकन. अजून महिनाभर तिले हात लावता येत नाई. मुद्देमाल पाहिजे असन तं माझी वही जमा करा आनि मले पावती द्या. सात काती आहेत, मोजून घ्या.

वासुदेवराव इथंच बसून म्हनाले, "किड्यापायी ठान्यात येते, हिच्यासंग लगन कोन करन?" त्याचा या गुन्ह्याशी संबंध नाई. पन ते बोलले, म्हनून लिहून ठेवते.

पिल्लं निंगाली का मी सवता ठान्यात कळवीन. पंचासमोर अर्धी मोजून देईन. बोलली होती, फिरनार नाई. त्यायच्या वाट्याचं ते काय करतीन ते मी विचारनार नाई, विचारलं तं मले देववनार नाई. मादी वाट्यात नव्हती. मादी देनार नाई.

हा जबाब जमादार साहेबानं सगळ्यायसमोर वाचला. "बरनी उद्या आनून देईन" एवढी एक ओळ खाली लिहून दे म्हनाले. मी लिहिली नाई. सहीच्या वर जागा कोरी राहत होती, तिच्यावर मी आडवी रेघ मारली, मागून कोनी काही घालू नये म्हनून. वर जे आहे ते माझंच आहे आनि बरोबर आहे. बरनी कुठं आहे ते यात नाई. ते लिहाचं राहून गेलं नाई, मी लिहिलं नाई.

सही
रुख्मिणी नत्थूजी वैरागडे