शहर सावरलं म्हणे!

...नाही, पण मी म्हणतो, खरं बोलायला माणसाचं तोंड रिकामं तरी नको का? तुम्हाला सांगतो, आमची कापडगिरणी बंद पडली, तरणी पोरं रशियात गेली, त्यात आमचा लेक एर्मेकही. अशात राजधानीहून, बिश्केकहून, प्राध्यापक सापारबेक आपली मंडळी घेऊन आले. शहर पुन्हा कमावतं कसं करायचं, याचा म्हणे अभ्यास. हाल दिसले, तर गिरणी सुरू करायची शिफारस होणार. म्हणजे एर्मेक घरी! आम्ही फक्त खरं सांगायचं. जन्मभर नगरपालिकेत कारकुनी केलेला माणूस मी, सवय नव्हती, तरी म्हटलं जमवू.

पण पाहुणा दारात आला... काय करणार?

पाहुण्यासमोर रडगाणं गायचं म्हणजे त्याला ‘ऊठ’ म्हणण्यासारखंच की! शेजारच्या नुरजान एजेकडे, म्हणजे नुरजानताईंकडे, तांबडा लोकरीचा गालिचा, अख्ख्या गल्लीत धड तेवढा एकच. पाहुणे पुढच्या दारात बूट काढेपर्यंत तो मागच्या दारानं आत. ते चहा संपवून उठले की हा परसातून पुढच्या घरी. चौथ्या घरात सापारबेक कौतुकानं म्हणाले, “तुमच्या गल्लीत एकाच विणकराचं काम दिसतं, बायके.” बायके म्हणजे आमच्याकडे दादा. मी म्हटलं, हो, फार कष्टाळू माणूस.

मग आमचं घर. हिवाळ्यासाठी राखलेली एकुलती एक मेंढी बायकोनं, सायराकाननं, पहाटेच कापवलेली. मानाचं डोकं सापारबेकांच्या पुढ्यात. ते मेंढीच्या डोळ्याला डोळा भिडवून मला विचारतात, “गेल्या महिन्यात घरात खाण्यापिण्याची कधी चणचण भासली का?”

आता तुम्हीच सांगा! तरी मी एर्मेकचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि तोंड उघडलं... तर सायराकाननं त्यात स्वतःच्या हातानं चरबीचा हा एवढा तुकडा कोंबला, आणि डोक्यावरच्या रुमालाआडून म्हणाली, “देवाच्या दयेनं सगळं आहे. तुम्ही घ्या ना, काहीच खात नाही तुम्ही.”

पाहुणा दारात आला, काय करणार?

अहवाल आला. आमचं शहर स्वबळावर सावरलंय, घरोघरी उत्तम गालिचे, मांसाहार मुबलक. गिरणीची शिफारस गेली डोंगरापलीकडच्या गावाला. तिथल्या लोकांनी नुसता चहा पाजला म्हणे, तोही बिनसाखरेचा. निर्लज्ज लेकाचे! एर्मेकनं मॉस्कोत बातमी ऐकली. फोनवर म्हणतो, “बाबा, गावात एवढं बरं चाललंय, मग मला बोलवत का नाही?” मी म्हटलं, लाइन खराब आहे.

आता दुसरी मंडळी यायचीय. आम्ही गिरणीशिवाय कसे सावरलो ते शिकायला! यावेळी मी उभा राहून सगळं स्पष्ट सांगणार. काल सायराकानला तसं बजावलंसुद्धा. ती कणीक मळता मळता म्हणाली, “सांगा की, कोण नाही म्हणतंय? फक्त आधी त्यांचं जेवण होऊ दे.”