लेकीचं ‘करलं’

इथे आखातात, बुसैतीनला मी एका फ्रेंच बाईंची मुलगी सांभाळते ना, तीन वर्षांची एमा. फ्रेंचमध्ये ‘घेतलं’ला ‘प्री’ म्हणतात. एमा आधी तसंच म्हणायची, मग अचानक ‘प्राँद्यू’ म्हणायला लागली. बाई मला म्हणाल्या, “तुझ्या इंग्रजीमुळे हिचं फ्रेंच बिघडतंय. दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

मी म्हटलं, “मॅडम, माझी लेकही आधी ‘केलं’ म्हणायची, मग ‘करलं’ म्हणायला लागली. ‘भरलं, धरलं’ ऐकून तिने स्वतःच नियम काढला होता. एमाचंही तेच चाललंय.”

बाई हसल्या. “मग ती परत ‘केलं’ कधी म्हणायला लागली?”

“आठवत नाही. आता ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते.”

बाईंनी फोन काढला आणि एमाचं ‘प्राँद्यू’ रेकॉर्ड करून ठेवलं.