अभ्यासाला निवडलेली पोरगी

...आणि वर मलाच विचारतात, "आई असून तुला कळलं कसं नाय?" अवो, कळणार कसं? पहाटे मी बंदरावर, तिथून टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात, आणि घरी येते तर पोरीचं ताट घासून पालथं घातलेलं! घासलेलं ताट बघून तुमी काय समजाल? पोरगी जेवली, असंच ना?

पण हे लचांड सुरू झालं शाळेत, तुमाला सांगते. मुंबईहून डॉक्टर प्रतीक्षा मॅडम आल्या, आवाज असा की जसं टाळूवर तेल थापतायत... "हेमालीची आम्ही अभ्यासासाठी निवड केलीय." अभ्यासासाठी! माझी हेमाली! गणितात काठावर पास झालेली! मी पेढे आणले, अर्ध्या आळीला वाटले, आणि मग कळलं की अभ्यास पोरीने करायचा नाय, पोरीचाच करायचा! पोरांची जाडी वाढू नये म्हणून काय करावं, त्याचा शोध चाललाय. म्हणजे कसं, तर अर्ध्या पोरांना खेळ, स्वयंपाकाचे धडे, मनातलं बोलायला एक ताई. आणि उरलेल्यांना? "त्यांचं जसं चाललंय तसं चालू द्यायचं. नंतर दोघांची तुलना." कोण कुठं जाणार ते कोण ठरवतो? "कॉम्प्युटर." आणि त्या मेल्याने माझी पोरगी टाकली कुठं? जसं चाललंय तसं, त्यात! म्हटलं, "मॅडम, जसं चाललंय तसंच चालवायचं, तर निवडलं कशाला?" तर म्हणे, "आई, तेसुद्धा तितकंच महत्त्वाचं असतं हो." बरं बाई. जसं चाललंय तसं चालू द्या!

आणि चाललं होतं काय? आमच्या ओट्यावरचं मांजर फुगत होतं! माझी नणंद म्हणाली, "गाभण हाय गो." अवो, बोका हाय तो! हीच ती नणंद हां, जिने गणपतीत भरल्या घरात हेमालीला म्हटलं, "तुझ्या लग्नाला मांडव मोठा लागणार गो, नवरी मावायला!" सगळे हसले. हेमाली पण हसली. पोरी हसतात वो... तुमाला वाटतं, लागलं नाय.

एक दिवस त्या बोक्याच्या तोंडात पापलेटचा तुकडा, चांगला खोबऱ्याच्या कालवणातला! चोर मेला, म्हणून मी चप्पल फेकून मारली. तो बिचारा कसला चोर? त्याला तर रोज वाढत होती माझी पोरगी. तिच्या ताटातलं. मला कुठं ठाऊक... जसं चाललंय तसं चाललं होतं!

मग परत वजनं करायचा दिवस आला. आमाला पण बोलावलं. हेमाली काट्यावर चढली, आणि शाळेच्या बाईंनी टाळी वाजवली, "वा! केवढी बारीक झालीस गं!" मग आमी सगळ्या आयांनी वाजवल्या. प्रतीक्षा मॅडम तेवढ्या हसल्या नाय. हळूच म्हणाल्या, "हेमाली, शेवटची कधी जेवलीस?" पोरीने तोंड उघडलं, आणि... काट्यावरून खाली! आणि तुमाला सांगते, आवाज झाला नाय. माझी पोरगी पडली, आणि जमिनीला कळलं नाय!

रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर, हात बर्फातल्या मासळीसारखे गार, पुढे मॅडम, आणि सालवड नाक्यावर टँकर आडवा! ड्रायव्हर खिडकीतून आरामात, "माताजी, पाँच मिनट, बॅक ले रहा हूँ." पाँच मिनट? मी खाली उतरले आणि ओरडले, "मेरा पोरगी जाता हाय इधर, और तू पाँच मिनट बोलता हाय?" अवो, टँकरच काय, मागची अख्खी रांग सरकली!

दवाखान्यात डॉक्टर नाडी धरून बसले. किती वेळ सोडेनात. आणि मग म्हणतात, "फार मंद आहे. हिला खाण्याचा विकार दिसतो." म्हटलं, "डॉक्टर, खाण्याचा कसा? न खाण्याचा हाय!" म्हणे, "त्यालाही तेच म्हणतात." घ्या!

सलाईन लागलं. डोळे मिटूनच हेमाली बोलली, "आई, बाकीच्या पोरींना घेतलं. मला नाय घेतलं. मला वाटलं, हिचं कायच होणार नाय म्हणून सोडलं... मग माझं मीच सुरू केलं."

प्रतीक्षा मॅडम तिथल्या फरशीवरच बसल्या. "अगं, तो कॉम्प्युटर नुसत्या चिठ्ठ्या उचलतो, त्याला तू दिसत पण नाहीस गं. हे मी तुला नीट सांगायला हवं होतं." रडल्या बाई. मी भांडायला पदर खोचून उभी, पण भांडू कोणाशी? कधी जेवलीस, हे विचारलं त्यांनी. टाळ्या वाजवल्या आमी.

मग म्हणाल्या, "आता हेमाली अभ्यासातून बाहेर. आता उपचार." म्हणजे पोरगी आडवी पडली तेव्हा कुठं जसं चाललंय तसं बंद झालं!

आणि उपचार काय? सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं. जाड-बारीक हा शब्द घरात नको. तिच्या ताटात डोकवायचं नाय, वरून बोलायचं नाय. दिवसभर बाजारात "ये गो बाय, घे गो बाय" ओरडणारी मी, पोरीला "घे" म्हणू शकत नाय! मग बोलायचं काय? तर, "दुसरं काहीही बोला. घर हसतं-बोलतं ठेवा."

हे ऐकलं माझ्या नवऱ्याने, रामाने! लग्न झाल्यापासून जेवताना "मीठ" सोडून शब्द न काढणारा माणूस, तो जो सुटलाय... होडीचं इंजिन! रोज! पिस्टन कसा अडकतो, डिझेलमध्ये पाणी कसं जातं... पोरगी एक दिवस खाते, दोन दिवस नुसती चिवडते, आणि याचं इंजिन चालूच! परवा अर्धी भाकर गेली. मग उरलेली अर्धी पण गेली. माझ्या डोळ्यांत पाणी, पण बघायचं नाय ना, म्हणून मी आपली छताकडे बघतेय... आणि पोरगी म्हणते, "बाबा, मी खाल्लं सगळं. आता इंजिन बंद कर ना!"

तर हा म्हणतो, "बंद कसं करू? उपचार हाय!"

पोरीच्या पोटात घास जातोय, देव पावला. पण माझी भूक मेली वो... कालवणाला डिझेलचा वास येतो!