यागोदाचा स्फटिक आणि साहेबांची मान

...अहो, हळू म्हणजे हळू! यात न कळण्यासारखं काय आहे? तुम्हाला सांगतो, मी शाळा शिकलेला नाही, झाग्रेबच्या या प्रयोगशाळेत मला ठेवलंय ते नुसतं माझ्या धीरासाठी. दिवसभर बसायचं आणि गारवा सोडणारी ती चावी मुंगीच्या चालीनं फिरवायची. कशासाठी? तर यागोदा म्हणून आमच्याकडे संशोधन करणारी पोरगी आहे, तिच्या स्फटिकासाठी! धातूचा नव्हे हं, कार्बनच्या रेणूंचा. काळा, केसाएवढा, त्याला सोन्याच्या चार तारा चिकटवलेल्या. वीज त्यातून लांबीनं सुसाट धावते, आडवी म्हणाल तर जायचं नाव नाही! आणि पार गारठला की विजेला अडथळा शून्य... पण हळू गारठला तर! घाई केलीत की रुसतो, नाहीतर सरळ तडकतो. त्यातून हा शेवटचा. पोरीची पीएच.डी. याच्यावर टांगलेली.

"काका, झालं?" "हळू, पोरी." लगेच पुन्हा, "काका, आता?" अगं, चूल आहे का ही, फुंकर घातली की पेटायला!

आता गारव्याला लागतं द्रव हेलियम, त्याची वाफ कोंडली तर माणूस गुदमरेल, म्हणून खिडकी उघडी, दारही उघडं. आणि आमच्या झाग्रेबच्या लोकांना दारा-खिडकीतला वारा म्हणजे साक्षात मरण! मान काय धरते, कान काय दुखतो, मूत्रपिंड काय गार पडतं... विचारू नका!

तर कागदावर त्या अडथळ्याची रेघ उतरतेय, उतरतेय, शून्याला टेकणार, यागोदानं श्वास रोखलेला... आणि आले आमचे प्राध्यापक व्येकोस्लाव साहेब, कॉफी पिऊन. तिथं नाही हं यांना घाई, एका कपावर दीड तास! दारात पाऊल टाकलं आणि ओरडले, "अरे देवा, वारा! मारताय का मला? माझी मान!" मी म्हणतोय, "साहेब, हळू..." कसलं हळू! धाडकन दार! टेबल हादरलं आणि रेघ थेट आभाळात. स्फटिक तडकला!

यागोदा पांढरीफटक. साहेब मान चोळत विचारतात, "काही झालं का?" आता बोला!

पोरगी मटकन बसली, रडायला लागली. वाफ कोंडायला नको म्हणून मी उठून दार पुन्हा उघडलं... हळू. तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, रड बाई, मोकळी हो. तर हुंदके देता देता काय म्हणाली असेल?

"काका, ते दार लावा आधी... मानेवर वारा येतोय!"

लावलं. करणार काय? माझीही कंबर धरायला लागली होती.