तीन नंबरच्या खाटेवरचे हेडमास्तर

…नाही, मला सांगा, माझं चुकलं कुठं? आधी मोजायचं, मग गोळी द्यायची, एवढंच तर म्हणते मी! पण तीन नंबरच्या खाटेवर निवृत्त हेडमास्तर… तुम्हाला सांगते, सकाळी आठला ट्रे घेऊन गेले, तर गृहस्थ तोंडाचा आ करून तयार! म्हटलं, "सर, तोंड मिटा, हात द्या." प्रेशरचा पट्टा बांधला. "आता गप्प बसा हं, बोललं की आकडा चढतो." गप्प? अहो, सदतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवलेला माणूस तो! "सिस्टर, अकरा वर्षं आठच्या ठोक्याला घेतोय मी गोळी, एक दिवस खाडा नाही…" बरं, पायावरचा पाय काढा, हात सैल सोडा… कसंबसं मोजलं, तर वरचा आकडा चौऱ्याण्णव! दोन दिवस जुलाबांनी माणूस पिळून निघालेला, प्रेशर आधीच तळाला, आणि त्यावर प्रेशर उतरवायची गोळी देऊ? म्हटलं, "आत्ता नाही. डॉक्टरांना विचारते." तर म्हणे, "आठ वाजून सहा मिनिटं झाली! लेखी तक्रार करीन!" करा बाबा, खुशाल करा, पण आधी मोजायचं, मग गोळी!

डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोळी थांबवा, सलाइन लावा, मी येतोच." मी सलाइन आणायला वळले मात्र… त्यांच्या सौ., इतका वेळ खुर्चीत गरीब गाय होऊन बसलेल्या, त्यांनी पर्समधली घरची गोळी दिली ना त्यांना! वर मला पत्ताच नाही! अर्ध्या तासानं पाहते तर साहेब सलाइनच्या नळीसकट ताडकन उभे, तक्रारवही मागायला! आणि उभे राहिले तसे पांढरेफटक… डोळे फिरले… धावले, काखेत हात घातले, कशीबशी खाटेवर आडवी केली ती मूर्ती, पायाखाली उशा सारल्या. डोकं आपटलं असतं म्हणजे? तेव्हा कुठं बाई रडत कबूल झाल्या, "मीच दिली हो… त्यांचा चेहरा बघवेना मला." अहो बाई, मला तरी कुठं बघवत होता? पण आधी मोजायचं, मग गोळी!

डॉक्टर आले, सलाइन वाढवलं, तासाभरानं रंग परतला. सरांनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "बघितलंत? गोळी वेळेवर मिळाली नाही की मला अशी चक्कर येते!"

…आणि सौ. मान डोलावतायत!